हाफक्लच मास्तरांची मोजणी

शहरात गाडी चालवणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी मास्तरांनी शिकवलं असेल, आणि त्या निम्म्यांपैकी एकानेही त्यांचं काही ऐकलेलं दिसत नाही. हे दुसरं कोणी नाही, खुद्द मास्तरच म्हणायचे. पिवळा दिवा लागल्यावर कोणी गाडी दामटली, की खिडकीतून मान बाहेर काढून ते नीट बघायचे आणि सुस्कारा टाकायचे, "आपलाच आहे."

त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण पाटीखेरीज ते कुठे ऐकू आलं नाही. चढावर शिकाऊ माणसाची गाडी मागे सरकायला लागली की मास्तर शेजारी बसून अगदी शांत आवाजात "हाफ क्लच, हाफ क्लच, अहो हाफ क्लच" म्हणत राहायचे. लोकांनी त्यांना हाफक्लच मास्तर करून टाकलं. पुढे पालिकेच्या पत्रावरही कुणीतरी चुकून तेच छापलं, तेव्हा मास्तर दोन दिवस फुगून बसले आणि तिसऱ्या दिवशी ते पत्र सगळ्यांना दाखवत हिंडले.

ते पत्र होतं समितीवर नेमणूक झाल्याचं. रस्ते आणि वाहतूक सल्लागार समिती. नाव ऐकून दचकायचं कारण नाही. सल्लागार म्हणजे सल्ला द्यायचा. तो कोणी घ्यायचा, की घेऊन खुंटीला टांगायचा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांब टेबल होतं, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, भिंतीवर शहराचा नकाशा आणि त्यावर रंगीत टाचण्या. जिथे अपघात झाला तिथे लाल टाचणी. अध्यक्षबाई पेशाने दातांच्या डॉक्टर, त्यामुळे "जरा कळ सोसा" हे वाक्य त्यांच्या तोंडात पक्कं बसलेलं. पालिकेचे इंजिनिअर सगळ्यांचं मान डोलावून ऐकायचे आणि मग त्यांना हवं तेच करायचे. बाकी शाळेच्या मुख्याध्यापिका, दुकानदारांचे एक प्रतिनिधी, आणि नागरिकांतर्फे आपले मास्तर.

मास्तर आले तेव्हा समितीचा नुसता बाजार झाला होता. ज्याला त्याला आपल्या दारासमोर गतिरोधक हवा, नाहीतर पांढरे पट्टे हवे. दुकानदाराला वाटे, गाड्या आपल्या दुकानापुढे हळू झाल्या तर बरं. डॉक्टरांना दवाखान्यापुढे हवा. एका गृहस्थांना तर शेजाऱ्याच्या मुलाच्या मोटरसायकलचा सूड उगवायचा होता. ज्याची ओळख मोठी त्याच्या दारात पट्टे, बाकीच्यांनी जीव मुठीत धरून पळावं.

मास्तर हाडाचे शिक्षक. त्यांना हे बघवेना. त्यांनी एक नियम मांडला. जिथे माणसं रस्ता ओलांडतात तिथे पट्टे मिळतील. किती ओलांडतात ते पालिकेचा माणूस बसून मोजेल. मोजणीत बसलं तर मंजूर, नाही बसलं तर नामंजूर, आणि वर्षभर तो अर्ज पुन्हा आणायचा नाही. ओळखपाळख नाही, रडारड नाही.

समितीला नियम इतका आवडला की अध्यक्षबाईंनी त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटं मागवली. इंजिनिअर तर बेहद्द खूश, कारण 'नाही' म्हणायला त्यांना आता कारण शोधावं लागणार नव्हतं. सगळे त्याला 'मास्तरांचा नियम' म्हणायला लागले. मास्तरांनी वरवर नको नको केलं, पण घरी येऊन ताईला सगळी हकिगत दोनदा सांगितली.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. मास्तरांची बायको गेली, मुलगी लग्न होऊन लांब गेली, तेव्हा ताई आपलं बिऱ्हाड आवरून भावाकडे राहायला आली ती कायमची. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून तिने लोकांचे फोन जोडून दिले होते. बोलण्यात फटकळ आणि आवाज असा खणखणीत, की मास्तरांचे विद्यार्थी घरी फी द्यायला आले तरी दारातच घाबरत.

ती आल्यानंतर महिनाभरात तिची समोरच्या बाईंशी गट्टी जमली. रस्त्यापलीकडच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. पूर्वी शिवणकाम करायच्या, आता गुडघे गेलेले आणि कानही जवळजवळ गेलेले. ताई त्यांना 'समोरची' म्हणायची आणि त्याही ताईला 'समोरची'च म्हणायच्या. रोज दुपारी ताई झाकलेली वाटी घेऊन, पायात घरातल्याच चपला अडकवून पलीकडे जायची आणि दोघी पत्ते कुटत बसायच्या. कोण जिंकत होतं ते कधी कळलं नाही. दोघी एकमेकींना लबाड म्हणायच्या, आणि मास्तरांच्या मते दोघींचंही बरोबर होतं.

तेव्हा रस्ता होता एवढासा. समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीने नमतं घ्यायचं. मधे उभं राहून कोणी भाजीवाल्याशी घासाघीस केली तरी जग थांबायचं. मग तो रुंद करायचं ठरलं. तेही समितीच्याच सल्ल्याने, आणि सल्ल्याच्या बाजूने मास्तरांचाही हात वर गेला होता. रस्ता झाला झकास. गाड्या सुसाट, मधे गुडघ्याएवढा सिमेंटचा दुभाजक, आणि दिव्याच्या खांबापाशी त्या दुभाजकाला माणूस अंग चोरून जाईल एवढी फट. तरणी पोरं त्या फटीतून उड्या मारत जायची. चौकातला सिग्नल पार लांब, आणि तिथवर चालत जावं तर पदपथावर दुचाक्या पसरलेल्या.

ताईने दोन-चार दिवस प्रयत्न केला आणि सोडून दिला. समोरची तर जिनाही उतरू शकत नव्हती. फोन करावा तर तिला ऐकू येत नव्हतं. मग दोघींनी आपलं आपण एक काढलं. सकाळी उठलं की समोरचीने गॅलरीच्या कठड्यावर पिवळा टॉवेल टाकायचा. तो दिसला की ताईने आपला निळा टाकायचा. दोघी उठल्या, दोघी धड आहेत, एवढी बातमी त्या टॉवेलातून जायची. दुपारी दोघी आपापल्या गॅलरीत खुर्च्या टाकून बसायच्या आणि मधून हात करायच्या. ताईने एकदा पत्त्यांचा जोड उंच धरून दाखवला, तेव्हा समोरचीने कपाळावर हात मारून घेतला होता.

"तुझ्या समितीत सांग ना रे," ताई एक दिवस जेवताना म्हणाली. "चार पांढरे पट्टे मारायचे आणि ती फट जरा मोठी करायची. गाड्या थांबतील, मी जाईन."

मास्तरांनी घास खाली ठेवला. "मी सांगू? उद्या लोक म्हणतील, मास्तरांनी स्वतःच्या दारात पट्टे आणले. तू रीतसर अर्ज कर. मोजणी होईल."

"आणि तू?"

"मी त्यात अजिबात पडणार नाही. तेच बरं दिसेल."

ताईने अर्ज केला. मोजणीच्या दिवशी मास्तर मुद्दाम शहराच्या दुसऱ्या टोकाला शिकवायला गेले, उगाच कोणी बोट दाखवायला नको. पालिकेचा कारकून दुकानाच्या पत्र्याखाली घडीची खुर्ची टाकून बसला. हातात खटका दाबला की आकडा पुढे सरकणारं ते छोटं यंत्र. मधल्या वयाचा, पोट सुटलेला, स्वभावाने गरीब माणूस. इतक्या मोजण्या केल्या होत्या त्याने, की घरी जिना चढतानाही अंगठा हलतो असं म्हणायचा.

बैठकीत त्याने आकडा सांगितला. दिवसभरात पळत ओलांडणारी काही पोरं, एक पाववाला, एक कुत्रा. कुत्र्याला त्याने धरलं नव्हतं. मग जरा घुटमळला आणि म्हणाला, "एक विचारायचं होतं. एक वयस्कर बाई कडेपर्यंत आल्या, उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. मग पुन्हा आल्या. असं दोन-तीनदा झालं. त्यांचं काय करायचं?"

टेबलाभोवती हशा पिकला. दुकानदारांचे प्रतिनिधी म्हणाले, "चप्पल विसरल्या असतील."

मास्तरही हसले. "ओलांडला का त्यांनी रस्ता? नाही ना? मग मोजायचं नाही. नियम सरळ आहे." आणि अर्ज नामंजूर करायच्या बाजूने पहिला हात त्यांनीच वर केला. नकाशावर त्या जागी एकही लाल टाचणी नव्हती, हेही त्यांनीच सगळ्यांच्या नजरेला आणून दिलं. अपघात नाहीत, ओलांडणारे नाहीत, मग पट्टे कशाला?

"घरचा अर्ज असून मास्तरांनी हात वर केला," अध्यक्षबाई म्हणाल्या. "शिका जरा सगळ्यांनी."

मास्तर त्या संध्याकाळी पायीच घरी आले. मूठभर मांस चढलं होतं अंगावर. ताई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. त्यांनी निकाल सांगितला, आपण कसा हात वर केला ते सांगितलं, आणि गंमत म्हणून त्या घुटमळणाऱ्या बाईंचंही सांगितलं.

ताईची सुरी थांबली. "ती मीच होते," ती म्हणाली.

मास्तर स्टूल ओढून बसले.

"म्हटलं, तुझ्या मोजणीत एकाची भर घालावी. चांगली साडी नेसून गेले होते. एक पाऊल टाकलं की कुठूनतरी ट्रक यायचा. वर येऊन पाणी प्यायचे आणि परत जायचे." ती पुन्हा चिरायला लागली. "एकदा तरी धरलं का रे मला?"

"ओलांडलं नाहीस तर कसं धरणार, ताई?"

"ओलांडता येत नाही म्हणून तर पट्टे मागतेय ना. ओलांडता आलं असतं तर तुझ्या समितीच्या दाराशी कशाला आले असते?"

"नियम आहे."

"कोणाचा?"

मास्तर उठून हातपाय धुवायला गेले. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. ताईचं म्हणणं त्यांना तिथल्या तिथे पटलं होतं, हे खरं. ज्या रस्त्याला माणसं घाबरतात तो रस्ता त्यांच्या नियमाने सगळ्यात सुरक्षित ठरत होता. शाळेतल्या पोरालाही दिसावी अशी चूक, आणि ती टेबलाभोवतीच्या एकाही शहाण्याला दिसली नव्हती. दुसऱ्या दिवशी जाऊन तसं सांगता आलं असतं. पण सगळ्यांनी कौतुक केलं त्याला अजून चोवीस तास झाले नव्हते. आता उठून 'माझ्याच बहिणीसाठी माझाच नियम मोडा' म्हणायचं, हे काही त्यांच्या जिभेवर येईना. वर्ष काय, बघता बघता जाईल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

वर तोडगाही काढला. दर रविवारी ताईला गाडीतून पलीकडे सोडायचं.

पहिल्या रविवारी मजा आली. मागे लाल अक्षराची शिकाऊ पाटी, पुढे दोन्ही बाजूंना ब्रेक, आणि मागच्या सीटवर मांडीवर वाटी धरून ताई. घरातून निघायचं, चौकापर्यंत जायचं, तिथे वळता येत नाही म्हणून पुढच्या गोल चक्करपर्यंत जायचं, तिथे रांगेत थांबायचं, आणि मग उलट्या दिशेने सगळं परत यायचं. उतरताना ताई म्हणाली, "रस्ता ओलांडायला मोटार लागते हे कोणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील." वर समोरचीने पत्ते पिसूनच ठेवले होते. मास्तर खाली गाडीत बसले होते, तिथपर्यंत दोघींचं हसणं ऐकू येत होतं. समोरचीला ऐकू येत नसल्यामुळे ती हसायची जरा जास्तच मोठ्याने.

पुढे लायसन्सच्या परीक्षांचा हंगाम आला. रविवारी विद्यार्थी वाढले. "ताई, या वेळी जमत नाही, येत्या रविवारी नक्की." येता रविवार आला की त्याच्या पुढचा. ताई तयार होऊन बसायची आणि मग साडी बदलायची. हळूहळू तिने विचारणं सोडलं, आणि मास्तरांनी सोयीने समजून घेतलं की तिला आता सवय झाली. माणूस स्वतःची समजूत किती छान घालतो, याला तोड नाही.

एका सकाळी पिवळा टॉवेल दिसला नाही.

मास्तर तोवर बाहेर पडले होते. ताईने वाट बघितली. चहा केला, तो घेतला नाही. ऐकू येत नाही हे माहीत असून समोरचीला फोन लावला, तो वाजत राहिला. मग भावाला लावला. पण शिकवताना फोन बंद, हा मास्तरांचा आणखी एक नियम होता. समोरच्या जिन्यात माणसं चढता-उतरताना दिसायला लागली, तशी ताई खाली उतरली.

मास्तरांच्या शेजारी तेव्हा गाडी चालवत होत्या एक बेकरीवाल्या बाई. हात चांगला बसला होता त्यांचा, म्हणून मास्तरांनी त्यांना प्रथमच मोठ्या रस्त्यावर आणलं होतं. घर जवळ आलं तसे मास्तर आरशांबद्दल काहीतरी सांगत होते.

"ते बघा मास्तर," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "काय एकेक माणसं असतात. ऐन रस्त्यात उभी." आणि मास्तरांनीच शिकवल्याप्रमाणे त्यांनी जोरात हॉर्न दिला.

मास्तरांनी पुढे बघितलं. दुभाजकाच्या फटीत, दिव्याच्या खांबाला एका हाताने घट्ट धरून ताई उभी होती. अंगावर घरातली साडी, एका पायात चप्पल नव्हती. दुसऱ्या हातात निळा टॉवेल होता आणि तो ती समोरच्या गॅलरीकडे बघून हलवत होती. अर्धा रस्ता कसा ओलांडला ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. पुढचा अर्धा ओलांडता येत नव्हता आणि मागेही फिरता येत नव्हतं. दोन्ही बाजूंनी गाड्या वाहत होत्या आणि येणारा प्रत्येक जण तिला हॉर्न देत होता. त्यात मास्तरांच्या गाडीचाही हॉर्न होता.

त्यांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. मागच्या गाड्या करकचून थांबल्या, कुणीतरी आईवरून शिवी दिली. मास्तर उतरले आणि हात आडवे पसरून रस्त्यात उभे राहिले.

"टॉवेल नाही रे दिसला," ताई म्हणाली. तिचा आवाज त्यांनी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

त्यांनी तिचा हात धरून तिला पलीकडे नेलं. अवघी काही पावलं. सगळी वरात थांबली होती आणि कोणाचंही काही बिघडलं नाही.

वर दार उघडं होतं. समोरची थोड्याच वेळापूर्वी गेली होती. शेजारीण सांगत होती, पहाटेपासून छातीत दुखत होतं म्हणाल्या, डॉक्टर येईपर्यंत शुद्धीवर होत्या. "सारखं टॉवेल, टॉवेल म्हणत होत्या. मला वाटलं घाम पुसायला हवाय. मी आणून हातात दिला, तर गॅलरीकडे बोट करायला लागल्या. वाऱ्यासाठी दार उघडायचं असेल म्हणून मी दार उघडलं."

पिवळा टॉवेल अजून त्यांच्या हातातच होता. ताईने तो हळूच सोडवून घेतला, गॅलरीत गेली आणि कठड्यावर टाकला. मग आत येऊन मैत्रिणीच्या उशाशी बसली. मास्तर दारात उभे होते. खूप वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हाही ते असेच दारात उभे होते, पण तेव्हा त्यांच्यावर कोणाचं काही बाकी नव्हतं. या वेळी तो वर केलेला हात खाली घेता आला असता तर बरं झालं असतं, एवढंच सारखं डोक्यात येत होतं.

पुढच्या बैठकीत मास्तर उभे राहिले. एरवी बसूनच बोलायचे.

"माझा नियम चूक आहे," ते म्हणाले. "तो रद्द करा. आणि मोठ्या रस्त्यावरचा तो अर्ज पुन्हा विचारात घ्या."

इंजिनिअरांनी मान डोलावली. "पण मास्तर, तिथे ओलांडणारे कोणी नाहीत, हे तुम्हीच तर म्हणालात."

"जरा कळ सोसा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "वर्ष पुरं होऊ द्या, मग रीतसर घेऊ."

तेव्हा मास्तर भडकले. जन्मभर चढावर गाडी मागे गेली तरी ज्यांचा आवाज चढला नाही, त्यांनी टेबलावर असा हात आपटला की पायाखालचा पुठ्ठा सरकला आणि चहा सांडला. "कळ सोसणारी माणसं घरात बसलीत, बाई. म्हणून तर नकाशावर टाचणी नाही. जी माणसं भीतीने घराबाहेर पडत नाहीत त्यांना कोण चिरडणार? आपण रिकामा रस्ता मोजला आणि म्हणालो, सगळं ठीक आहे. पहिला हात माझा होता. माझ्या बहिणीची मैत्रीण मेली ती पट्टे नव्हते म्हणून नव्हे, ते मलाही कळतं. पण तिच्या शेवटच्या वर्षात त्या दोघी हाकेच्या अंतरावर राहून भेटू शकल्या नाहीत, ते आपल्यामुळे. ते माझ्यामुळे."

मुख्याध्यापिकांनी पहिला हात वर केला. मग बाकीचेही एकेक करून वर आले.

पट्टे झाले. दुभाजकाची फट रुंद झाली, तिथे उभं राहायला चांगला ऐसपैस ओटा झाला, आणि पिवळा दिवा उघडझाप करायला लागला. सगळं एका सकाळचं काम होतं. मास्तरांना तेच सगळ्यात जास्त लागलं. थोडा त्रास असता, अडचणी आल्या असत्या, तर मनाला तेवढाच टेकू मिळाला असता.

"ताई, चुकलं माझं," ते त्या दिवशी म्हणाले.

"माहीत आहे मला."

"रागावलीस?"

"रागावले तर आहेच. पण तुझ्यावर रागावून मी राहू कोणाजवळ?" असं म्हणून तिने त्यांच्या पानात भाजी वाढली.

थोड्या दिवसांनी पालिकेने पट्ट्यांचा उपयोग होतो का ते बघायला पुन्हा मोजणी लावली. तोच कारकून, तीच घडीची खुर्ची. आणि माणसं तरी किती निघाली. काठी टेकत येणारे आजोबा, ढकलगाडीत बाळ घेतलेली आई, कुबड्या घेतलेला एक शिंपी, हातात हात धरून दोन शाळकरी बहिणी. इतके दिवस ही सगळी कुठे होती, असा प्रश्न कोणालाही पडला असता. मास्तरांना पडला नाही. ते खुर्चीशेजारी उभे राहून गुपचूप बघत होते आणि कारकुनाचा अंगठा हलत होता.

मास्तर वर जाऊन ताईला म्हणाले, "एकदा चल ना. नुसतं बघायला."

ती नको म्हणाली, मग साडी बदलून आली. तीच, मागच्या मोजणीला नेसलेली. मास्तरांनी तिचा हात धरला तर तिने तो सोडवून घेतला. "मला येतं चालता."

ती पट्ट्यांच्या कडेला येऊन उभी राहिली. एक टेम्पो थांबला. त्याच्यामागे एक मोटार थांबली, मग बस थांबली. मोटारीत बेकरीवाल्या बाई होत्या, एव्हाना लायसन्स मिळालं होतं त्यांना. त्यांनी काच खाली करून हात केला. कुणी हॉर्न दिला नाही. पलीकडच्या बाजूच्या गाड्याही थांबल्या. सगळा मोठा रस्ता ताईसाठी मोकळा झाला होता, आणि पलीकडे पहिल्या मजल्यावरची गॅलरी रिकामी होती. कठड्यावर काही नव्हतं.

ताईने तिकडे बघितलं. मग थांबलेल्या गाड्यांकडे बघितलं आणि हात हलवून त्यांना जा म्हणून खूण केली.

"कशाला खोळंबल्यात उगाच," ती म्हणाली. "मला तिकडे काम नाही." आणि ती वळून घराकडे चालायला लागली. टेम्पोवाल्याने क्षणभर वाट बघितली, मग गाड्या निघाल्या.

कारकुनाचा अंगठा यंत्रावर अडकून राहिला होता. त्याने मास्तरांकडे बघितलं. ओळखलं होतं त्याने तिला.

"मास्तर, यांचं काय करायचं? ओलांडला नाही त्यांनी."

मास्तर ताईच्या पाठीकडे बघत होते.

"धर," ते म्हणाले. "आणि मागच्या वेळचंही धर."